आकारणीची नोटीस आणि हातातले पंधरा दिवस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मालमत्ता कराच्या फेरआकारणीचा विषय निघाला की आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत एकच वाक्य ऐकू येते : "वेरा वाढवला", म्हणजे कर वाढवला. मग त्याला जोडून रस्त्यातले खड्डे, कमी दाबाने येणारे पाणी, ऑगस्ट 2024 मध्ये घरात शिरलेला विश्वामित्रीचा पूर, शेजाऱ्याला आलेले कमी बिल, असे सगळे एका दमात बोलले जाते. राग रास्त आहे. पण सुनावणीच्या टेबलावर तो जसाच्या तसा नेला तर त्यातले फारसे काही नोंदवून घेता येत नाही. ज्या चुकीमुळे बिल खरोखर फुगलेले असते, ती मात्र आकारणीच्या वहीत पुढची तीन-चार वर्षे मुक्काम ठोकते. आकारणीच्या कागदांशी रोजचा संबंध असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. थोडे लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

आधी बिल कसे तयार होते ते पाहू. पूर्वी कर ठरे तो अपेक्षित भाड्यावर. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, या अंदाजावर करयोग्य मूल्य धरले जाई. त्यात मुंबई प्रांताचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आडवा आला. दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1979 मध्ये सांगितले की जिथे भाडे नियंत्रण लागू आहे तिथे करयोग्य मूल्य प्रमाण भाड्याच्या, म्हणजे भाडे कायद्याने मान्य होणाऱ्या भाड्याच्या, वर नेता येणार नाही, मग ते प्रमाण भाडे प्रत्यक्षात कुणी ठरवून घेतलेले असो वा नसो. परिणाम असा झाला की जुन्या वाड्यांचा कर जागच्या जागी राहिला आणि नव्या सोसायट्यांवर भार वाढत गेला. एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या घरांना वेगळी बिले येत आणि ठरवणाऱ्याच्या मर्जीला भरपूर वाव राही. त्यावर उपाय म्हणून पाटण्याने 1993 साली क्षेत्रफळावर आधारित पद्धत आणली, पुढे अहमदाबादने आणि मग गुजरातच्या इतर महापालिकांनीही तीच वाट धरली.

या पद्धतीत आकडेमोड सरळ गुणाकाराची आहे. घराचे कार्पेट क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले महापालिकेने ठरवलेला प्रति चौरस मीटर दर, गुणिले चार गुणक. हे गुणक म्हणजे परिसर कोणता, इमारत किती जुनी, वापर कशाचा आणि राहणारा मालक की भाडूत. यातून सामान्य कर निघतो. त्याच बिलात पाणी कर, सांडपाणी व सफाईचे कर आणि राज्य सरकारचा शिक्षण उपकर येतो. शिक्षण उपकर महापालिका फक्त गोळा करते.

गुणाकार असल्यामुळे एक आकडा चुकला की सगळे बिल त्याच पटीत चुकते. क्षेत्रफळ आणि चार गुणक या पाच आकड्यांपैकी दोन चुकले तर चुका एकमेकींना गुणतात. वाढीच्या तक्रारींतला मोठा भाग दरवाढीचा नसून या नोंदींचा असतो, हे मला ठासून सांगायचे आहे.

दराचे भांडण आणि नोंदींचे भांडण वेगवेगळे आहे, दोघांची जागाही वेगळी आणि वेळही. दर ठरवते महापालिकेची सभा. आपल्या महापालिका कायद्यानुसार, म्हणजे 1949 च्या जुन्या मुंबई प्रांतिक कायद्यानुसार, पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक त्याआधी येते. दर, परिसराची वर्गवारी, गुणकांचे आकडे यांवर बोलायचे असेल तर जानेवारीच्या शेवटाला आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडे आणि स्थायी समितीकडे लेखी जायला हवे. उन्हाळ्यात बिल हाती आल्यावर दराविरुद्ध सह्यांची मोहीम काढणे म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणे. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला सभेने ठरवलेला दर बदलण्याचा अधिकारच नसतो.

नोंदींचे भांडण मात्र त्याच्या अधिकारातले आहे. आकारणीची नवी वही किमान चार वर्षांतून एकदा करावी लागते, मधल्या वर्षांत जुन्याच नोंदी पुढे ओढता येतात. वही तयार झाली की जाहीर सूचना निघते. आपल्या घराची नोंद पहिल्यांदाच होत असेल किंवा कर वाढत असेल, तर मालकाला किंवा कबजेदाराला वेगळी लेखी विशेष नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत द्यायची. आपल्या घराशी संबंधित पान फुकट पाहण्याचा आणि त्यातला मजकूर उतरवून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. नोटीस पाहून लोक थेट आकड्यावर बोट ठेवतात, आकडा कशातून आला हे पाहायला वॉर्ड ऑफिसात जात नाहीत.

आता मापाकडे वळू, कारण सर्वांत जास्त घोळ इथे असतो.

कार्पेट क्षेत्रफळ म्हणजे भिंतीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंतची जमीन. नव्या फ्लॅटमध्ये भिंती साडेचार किंवा नऊ इंचांच्या असतात, त्यामुळे बाहेरून आणि आतून मोजण्यातला फरक बेताचा असतो. जुन्या वाड्याचे तसे नाही. समजा बाहेरून 30 बाय 41 फुटांचा वाडा आहे. बाहेरून मोजला तर 1,230 चौरस फूट, म्हणजे 114.27 चौरस मीटर. बाहेरच्या भिंती दीड फुटाच्या असतील तर आतली जागा 27 बाय 38 फूट उरते. आत लांबीच्या दिशेने एक आणि रुंदीच्या दिशेने दोन, अशा फूटभर जाडीच्या भिंती असतील तर 13 बाय 12 फुटांचे सहा खण होतात. सहा गुणिले 156, म्हणजे 936 चौरस फूट. भिंतींनीच 294 चौरस फूट खाल्ले. त्या सहांतला एक खण आकाशाला उघडा चौक असेल, तर तो मजला नव्हे. तो वगळला की 780 चौरस फूट राहतात, म्हणजे 72.46 चौरस मीटर. बाहेरच्या मापावर आकारणी झाली तर बिल खऱ्याच्या दीडपटीहून जास्त येते, आणि दर तर एक पैशानेही बदललेला नसतो.

म्हणून नोटीस आली की पहिले काम टेपचे. प्रत्येक खोली आतून मोजा. लांबी दोन ठिकाणी घ्या, कारण जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. प्लास्टर ते प्लास्टर मोजा, कपाट भिंतीत खोदलेले असेल तर टेप त्यात घालू नका. जिना, उघडी गच्ची, चौक, ओटा, ओसरी, पडवी यांची मापे वेगळ्या ओळीत लिहा आणि पुढे "उघडे", "छप्पर आहे, भिंत नाही" असा शेरा द्या. यांतले काय धरायचे आणि काय नाही यावर वाद होऊ शकतो, पण वेगळे लिहिले असेल तरच तो वाद घालता येतो. एका बेरजेत सगळे घातले की हरलात. माळ्याची उंची लिहा. माणूस ताठ उभा राहू शकत नाही असा सरपण ठेवायचा माळा आणि वरची राहती माडी एकाच रकान्यात गेलेली असू शकते.

मापाचे एकक न चुकता तपासा. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. चौरस फुटांतला आकडा चौरस मीटरच्या रकान्यात गेला तर क्षेत्रफळ जवळपास अकरापट होते. एवढी मोठी चूक लगेच दिसते असे वाटेल, पण दहा-बारा खोल्यांच्या घरात एकाच खोलीचा आकडा असा गेला असेल तर बेरजेत ती लपून जाते. तपासायची सोपी खूण म्हणजे साधारण राहत्या खोलीचे क्षेत्रफळ 9 ते 16 चौरस मीटरच्या आसपास असते. एखाद्या खोलीपुढे तीन आकडी संख्या दिसली की थांबा.

गोत्री, वासणा, हरणी, वाघोडिया रोड इथल्या फ्लॅटधारकांचा घोळ वेगळा. दस्तऐवजात सुपर बिल्ट-अप लिहिलेले असते, त्यात जिना, लिफ्ट आणि पॅसेजचा वाटा मिसळलेला असतो. तो आकडा आकारणीत आला असेल तर हरकत घ्यायलाच हवी. नव्या इमारतींच्या कागदांत रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याचे कार्पेट क्षेत्रफळ असते. 2016 च्या त्या कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत, पण आतल्या पडभिंती धरतात. म्हणजे बिल्डरच्या ब्रोशरमधला आकडाही डोळे झाकून उतरवू नका. एकाच मजल्यावरचे, एकाच नकाशाचे चार फ्लॅट असतील तर चारही नोटिशी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. आकडे वेगळे निघाले तर चौघांनी मिळून, पण चार वेगळे अर्ज द्यावेत. सोसायटीच्या लेटरहेडवर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज दिला की तो कोणत्या सेन्सस नंबरला जोडायचा हा प्रश्न उभा राहतो आणि कागद फायलीत पडून राहतो. नोटिशीवरचा सेन्सस नंबर हीच आपल्या मालमत्तेची ओळख आहे. जुने आणि नवे दोन नंबर असतील तर अर्जात दोन्ही लिहा.

इमारतीच्या वयाची नोंद चुकते ती बहुधा दुरुस्तीमुळे. शंभर वर्षांच्या वाड्याचा दर्शनी भाग पाडून तिथे स्लॅबचे दोन मजले बांधले, मागचा सागवानी भाग तसाच राहिला. पाहणीला आलेला माणूस रस्त्यावरून नवी इमारत पाहतो आणि सगळीच नवी लिहितो. वास्तविक दोन भागांची वये वेगळी, म्हणून दोन ओळी हव्यात. नुसते पत्रे बदलले, फरशी घातली, तुळयांना लोखंडी टेकू दिले, याने इमारत नवी होत नाही. पुरावा म्हणून रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, आणि तिचा नकाशा उत्तम. ती नसेल तर सिटी सर्वेचे प्रॉपर्टी कार्ड, जुनी वेरा-बिले, वीजजोडणीची तारीख. जुनी बिले रद्दीत घालू नका एवढेच सांगेन, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे एक बिल वयाचा वाद एका मिनिटात मिटवते.

वापराच्या रकान्यात रहेणांक (निवासी) आणि बिन-रहेणांक (अनिवासी) असा भेद असतो आणि दोहोंच्या बिलात मोठे अंतर पडते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, शिकवणी, दवाखाना किंवा दुकान असेल तर तेवढ्याच खोलीचे माप बिन-रहेणांकात जायला हवे. पुष्कळदा अख्खा तळमजला त्यात जातो. उलट बाजूही सांगतो : दुकान आहे आणि ते घर म्हणून लिहिलेले आहे, ही चूक आपल्या फायद्याची म्हणून गप्प बसणारे पुढे थकबाकीच्या नोटिशीने हवालदिल होतात. दुकान बंद होऊन तिथे पुन्हा राहते घर झाले असेल तर गुमास्ता परवाना रद्द केल्याचा कागद आणि विजेच्या जोडणीचा वर्ग घरगुती करून घेतल्याचे बिल जोडावे. मध्य गुजरात वीज कंपनीचे बिल व्यापारी दराचे आणि अर्जात मात्र "राहते घर", असे असेल तर अर्ज टिकत नाही.

मालक की भाडूत, हा चौथा गुणक आमच्या जुन्या मराठी वस्तीत सर्वांत जास्त दुखतो. भाडूत-वापराचा गुणक मालक-वापराहून जास्त असतो, कारण भाड्याने दिलेल्या घरातून मालकाला उत्पन्न मिळते असे गृहीत आहे. पण रावपुऱ्यात, वाडीत, खारीवाव रोडवर असे वाडे आहेत की जिथे भाडेकरू दोन पिढ्या राहत आहेत आणि भाडे जुन्या काळातले, महिन्याला काही रुपये एवढेच. तिथे वाढीव गुणकाने येणारा कर वर्षाच्या भाड्याहून जास्त होतो. मालक म्हणतो, उत्पन्न नाही तर कर कशाचा. भाडेकरू म्हणतो, कर मालकाचा. कायद्याने घर भाड्याने दिलेले असेल तर कराची पहिली जबाबदारी मालकावरच असते आणि थकलेला कर त्या मिळकतीवर पहिला बोजा म्हणून बसतो. मात्र 1947 च्या भाडे कायद्याने करात झालेली वाढ तेवढ्याच मर्यादेत भाडेकरूकडून घेण्याची मुभा मालकाला दिली होती. ही तरतूद दोन्ही बाजूंनी फारशी वापरली नाही. मालकांनी नोटीस न देता एकदम आकडा सांगितला आणि भाडेकरूंनी तो भाडेवाढ समजून नाकारला. वाढीचे बिल, त्यात त्या खोल्यांचा हिस्सा किती आणि आधीचे बिल किती, असे तीन आकडे लेखी दिले असते तर पुष्कळ भांडणे कोर्टात गेली नसती. नियंत्रित भाड्याच्या घरांना वेगळा, कमी गुणक असावा अशी माझी स्पष्ट मागणी आहे. ती सुनावणीची नव्हे, फेब्रुवारीच्या सभेची, म्हणून या पत्रातून आधीच मांडतो.

याच रकान्यातली दुसरी चूक कुटुंबातली आहे. बिल अजून आजोबांच्या नावावर, घरात त्यांचे दोन नातू आणि एका लेकीचा मुलगा राहतो. त्याचे आडनाव वेगळे, म्हणून त्याची खोली "भाडूत". हे टाळायचे तर वारसाची नोंद वेळेवर करावी. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने एका वर्षाच्या आत महापालिकेला कळवायचे असते, आणि खरेदी-विक्री झाली तर विकणारा व घेणारा दोघांनीही तीन महिन्यांच्या आत. विकणाऱ्याने कळवले नाही तर कराची जबाबदारी त्याच्या गळ्यात तशीच राहते. नवे बांधकाम पूर्ण झाले, घर वाढवले, किंवा रिकामे घर पुन्हा वापरात आले, तर कळवायला 15 दिवस असतात. आणि वेरा भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले असे नाही. रजाचिठ्ठीशिवाय चढवलेल्या मजल्याचे बिल भरून कुणी निर्धास्त होऊ नये.

2020 साली शहरात आलेल्या भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदला या गावांतल्या रहिवाशांची तक्रार वेगळी ऐकायला हवी. ग्रामपंचायतीचा घरवेरो आणि महापालिकेचे बिल यांत मोठे अंतर असते. त्यांचे म्हणणे असते, सोयी आधी द्या. इथे कायदा नीट समजून घ्यावा. सामान्य कर हा कर आहे, फी नाही. रस्त्यावर दिवा नाही म्हणून तो माफ होत नाही. पाणी कराचे मात्र वेगळे आहे. तो लागतो जोडणी असलेल्या मिळकतीला, किंवा ज्या भागात महापालिकेने नळाने पाण्याची व्यवस्था केल्याची जाहीर सूचना काढली आहे तिथल्या मिळकतीला. तुमच्या भागात नळाची लाइन नसेल आणि अशी सूचनाही निघालेली नसेल, तर पाणी कराच्या ओळीवर थेट हरकत घेता येते आणि ती भक्कम असते. सांडपाण्याच्या करालाही तशाच अटी आहेत. "सोयी नाहीत, कर नको" असे मोघम लिहिण्यापेक्षा "आमच्या सोसायटीला पाण्याची लाइन नाही, बोअरवर आहोत, पाणी कराची नोंद रद्द करावी" असे लिहावे.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून येणारे मोबाइलवरचे संदेशही गोंधळ वाढवतात. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे आणि तिच्यासाठी तिथला पीटी-3 अर्ज आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे. ही तिथली धोरणे आहेत. मुंबईत कर भांडवली मूल्यावर ठरतो, आपल्याकडे क्षेत्रफळावर. पीटी-3 भरून आपल्या महापालिकेच्या खंडेराव मार्केटमधल्या कचेरीत नेऊन काही उपयोग नाही.

धार्मिक जागेबद्दल एक खुलासा. सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठीच वापरली जाणारी जागा सामान्य करातून मुक्त असते, इतर करांतून नाही. वाड्यातले खासगी देवघर त्यात बसत नाही. देवळाच्या आवारातला गाळा भाड्याने दिला असेल तर त्या गाळ्याची माफी जाते.

हरकतीचा अर्ज एका पानाचा पुरतो. उदाहरण म्हणून मजकूर असा : "सेन्सस नंबर अमुक. विशेष नोटीस अमुक तारखेला मिळाली. एक, नोंदलेले क्षेत्रफळ 114.27 चौ. मी., प्रत्यक्ष आतून मोजलेले 72.46 चौ. मी., खोलीवार तक्ता सोबत. दोन, पश्चिमेची खोली भाडूत म्हणून नोंदली आहे, तिथे मालकाचा नातू राहतो, लाइट बिल व रेशन कार्ड सोबत. तीन, मागचा भाग जुन्या बांधकामाचा, प्रॉपर्टी कार्ड सोबत. प्रत्यक्ष मोजणी माझ्या उपस्थितीत करावी." शेवटचे वाक्य विसरू नका. गुजरातीत लिहिलात तर काम लवकर होते. नोटिशीच्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, 15 दिवस तिथूनच मोजायचे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुनावणीची तारीख, वेळ, जागा कळवली जाते. गैरहजर राहिलात तरी तुमच्या पश्चात निर्णय होऊ शकतो. जाता आले नाही तर अधिकारपत्र देऊन कुणाला तरी पाठवा. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी आधी हरकत दिलेली असावी लागते आणि मागितलेला कर भरावा लागतो. फारच अडचण असेल तर न्यायाधीश त्यातली जास्तीत जास्त 25 टक्के रक्कम भरण्यातून सूट देऊ शकतात. ही अट सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात वैध ठरवली आहे. म्हणजे हरकतीची पायरी चुकवून थेट कोर्टात जाण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. आणि हरकत चालू आहे म्हणून बिल थांबवून ठेवू नये, व्याज थांबत नाही. वाद राखून भरत असल्याचे लेखी देऊन भरावे.

महापालिकेकडेही माझे मागणे आहे. नोटिशीत नुसता अंतिम आकडा देऊन नागरिकाने हरकतीची कारणे थोडक्यात पण पूर्ण द्यावीत अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. ज्याला बेरीज दाखवली नाही तो चूक कुठून दाखवणार? विशेष नोटिशीच्या पाठीमागेच मापाचा तक्ता छापावा. त्यात खोलीवार लांबी-रुंदी, कोणती जागा धरली आणि कोणती वगळली, चारही गुणक, मोजणीची तारीख, आणि त्या दिवशी घर उघडे होते की बाहेरून अंदाज घेतला, एवढे असावे. ही माहिती मोजणीच्या वेळी गोळा करावीच लागते, छापायला एक बाजू पुरेल. बंद घराचा अंदाज घेतला असेल तर "अंदाजे" असा शब्द नोंदीपुढे असावा आणि मालकाने मागितल्यास 30 दिवसांत पुन्हा मोजणी व्हावी. तक्ता हाती आला तर निम्म्या हरकती येणारच नाहीत आणि उरलेल्या निम्म्या मुद्द्यावर येतील, अशी माझी खात्री आहे. सुनावणी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही वेळ वाचेल. मापे घ्यायला घरोघर जाणाऱ्यांवर ओरडणाऱ्यांना विनंती की त्यांना आत येऊ द्या, पाणी विचारा, आणि टेपचे दुसरे टोक स्वतः धरा. त्यांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो ते दारातून बाहेर पडण्यापूर्वी काढून ठेवा.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा